लिफ्टवाला निलेश दमला, तेव्हा

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीला सात मजले आणि लिफ्ट एकच. मी सेक्रेटरी. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे माझा आवाज चांगलाच मोठा आहे. लिफ्ट बंद पडली की तो आवाज निलेश घाडीगावकरला फोनवर ऐकावा लागतो. निलेश आमच्या लिफ्टचा मेकॅनिक. चाळिशीचा, बारीक अंगाचा, मूळ कणकवलीकडचा. वडील गिरणीत होते. आता घर भांडुपला.

गेल्या मार्चमध्ये एका दुपारी सातव्या मजल्यावरच्या वसुधाताई लिफ्टमध्ये अडकल्या, पाचव्या आणि सहाव्याच्या मधोमध. वय त्र्याहत्तर. मी निलेशला अर्ध्या तासात चार फोन केले, आणि चौथ्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो आला, धावत मशीनरूममध्ये गेला, लिफ्ट हाताने सहाव्यावर आणली आणि दार उघडलं. वसुधाताई शांतपणे बाहेर आल्या. मग त्याने एका मजल्याच्या दारातला बिघाड दुरुस्त केला, माझी सही घेतली आणि कांजूरमार्गच्या पुढच्या कॉलवर निघून गेला.

वीस-पंचवीस मिनिटांनी त्याचा फोन आला.

"सर, लिफ्टचा मेन स्विच बंद करा. आत्ता. आधी बंद करा, मग विचारा."

मी बंद केला. थोड्या वेळात तो परत आला तो जिन्याने, दोन-दोन पायऱ्या चढत. त्याने मशीनरूममधलं पॅनेल उघडलं आणि आतून लाल वायरचा एक छोटा तुकडा काढून मला दाखवला.

दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून प्रत्येक मजल्याच्या दाराला एक सुरक्षेचं सर्किट असतं. बिघाड शोधताना मेकॅनिक थोडा वेळ ते अशा वायरने जोडून टाकतात आणि काम झालं की वायर काढतात. निलेश ती काढायला विसरला होता. म्हणजे तेवढ्या वेळात दार उघडं असतं तरी लिफ्ट चालली असती. भांडुपजवळ सिग्नलला उभा असताना त्याने बॅगेत हात घातला, नेहमीच्या कप्प्यात वायर लागली नाही, तेव्हा त्याला कळलं.

"अकरा वेळा वर-खाली झालीय," तो मशीनवरचा फेऱ्यांचा आकडा वाचत म्हणाला. "अकरा वेळा, सर."

कुणाला काही झालं नव्हतं. पण माझं डोकं फिरलं. आमच्या सोसायटीत लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. मी म्हणालो, "आजच तुमच्या कंपनीला लेखी तक्रार करतो." तो तिथेच सातव्याच्या पायरीवर बसला. हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

आवाज ऐकून वसुधाताई बाहेर आल्या. "विद्याधर, पत्र नंतर लिही. आधी पाणी आण."

मी पाणी आणेपर्यंत त्या त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या. गुडघे दुखतात, तरी.

"झोप लागते का रे रात्री?"

"लागते काकू. पण तीनदा उठतो. फोन वाजल्यासारखं होतं. बघतो तर वाजलेलाच नसतो."

"जेवणाला चव?"

त्याने खांदे उडवले. "परवा वरण ग्लासात वाढून घेतलं. बायको हसली. मला हसायलाच आलं नाही."

"चिडतोस?"

"चिडायचो. आता तेही होत नाही. मेसेज आला की चार-चार वेळा वाचतो. शब्द कळतात, पण काय करायचंय ते कळत नाही. आज इथे काम संपल्यावर सगळं तपासलं असं मला वाटलं. खरं सांगतो काकू, तपासलं की नाही ते मला आठवतच नाही."

वसुधाताई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "माझ्याही कानात अशीच रिंग वाजायची. सुट्टीच्या दिवशी भाजी चिरताना मी 'नंबर प्लीज' म्हणायचे. दोन वर्षं मला वाटत होतं, मी आळशी झालेय, कामचुकार झालेय. एक दिवस चर्नी रोडच्या फुटपाथवर मला माझ्या घराचा पत्ता आठवेना. तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. निलेश, तू कामचुकार नाहीस. तुझं डोकं दमलंय. ताप आला तर तू लिफ्टवर चढला असतास का?"

"नाही."

"मग आज का चढलास?"

तो रडू लागला. आवाज न करता, मान खाली घालून. मी तिथून निघून जावं की थांबावं, मला कळेना. शेवटी थांबलो. त्याच्या बोलण्यातले सगळे तुकडे त्या दिवशी जुळले. त्याच्या वाट्याच्या भागात पूर्वी तिघे मेकॅनिक होते. दोघे नोकरी सोडून गेले, आणि मुलुंड ते कांजूरमार्ग सगळ्या लिफ्ट एकट्यावर आल्या. त्याच वर्षी त्याची आई गेली. बाराव्याच्या दुसऱ्याच दिवशी तो घाटकोपरला एका अडकलेल्या बाईंना सोडवत होता. आणि या सगळ्यात माझे चार फोन.

"आता तुझ्या साहेबांना फोन कर," वसुधाताई म्हणाल्या. "वायरचं सांग. आणि हेही सांग."

त्याच्या सुपरवायझरला सगळे अण्णा म्हणतात. निलेशने फोन स्पीकरवर टाकून पायरीवर ठेवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अण्णा म्हणाले, "गाडी चालवू नकोस. तिथेच बस. मी येतो."

अण्णा तासाभराने आले. मला वाटलं, आता याची वाट लागली. अण्णांनी आधी स्वतः लिफ्ट तपासली, दोनदा. मग मला म्हणाले, "सर, तुम्हाला तक्रार करायची तर जरूर करा, तुमचा हक्क आहे. पण एक सांगतो. चूक करणाऱ्याची मला भीती वाटत नाही, लपवणाऱ्याची वाटते. हा परत फिरला." मी पत्र लिहिलं, पण तक्रारीचं नाही. एका माणसावर इतक्या लिफ्ट टाकणं धोक्याचं आहे, एवढंच त्यात होतं. शाळेतल्या भाषेत, मुद्दे घालून.

निलेशला सहा आठवड्यांची सुट्टी मिळाली. त्याची बायको सपना त्याला पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. रक्त तपासलं, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. तिथल्याच मानसोपचार विभागातल्या डॉक्टरबाई तासभर त्याच्याशी बोलल्या. कामाचा फोन बंद, झोपेची वेळ ठरलेली, रोज चालायचं आणि दर आठवड्याला येऊन भेटायचं, असं त्यांनी सांगितलं.

पहिला आठवडा तो नुसता झोपला. दुसरा मात्र वाईट गेला, असं तो मला नंतर म्हणाला. अंगात जोर आला होता आणि करायला काही नव्हतं. सपना सकाळी कामाला जायची, प्रांजल, त्यांची मुलगी, क्लासला, आणि हा घरात येरझाऱ्या घालायचा. एकदा टीव्हीच्या आवाजावरून वडिलांवर ओरडला. नंतर शरमेने म्हणाला, "बाबा, तुम्ही गिरणी बंद पडल्यावरही कधी असे खचला नाहीत. मीच असा निघालो."

वडिलांनी, म्हणजे धोंडूकाकांनी, टीव्ही बंद केला. गावची बोली त्यांनी अजून सोडलेली नाही. म्हणाले, "कोणी सांगितल्यान तुका? सा म्हयने मी टेकडेर जावन बसलंय. तुझ्या आवशीक सांगितलंय, काम शोधतंय म्हणान. आजपर्यंत कोणाक बोलूक नाय."

काम शोधतोय असं बायकोला सांगून सहा महिने टेकडीवर जाऊन बसल्याचं ते गुपित त्यांनी बेचाळीस वर्षं जपलं होतं. निलेश म्हणतो, डॉक्टरांच्या गोळ्यांचा उपयोग झालाच, पण त्या दिवशी छातीवरून कोणीतरी उठल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी दोघं आईबद्दल बोलत बसले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवसापासून बापलेक सकाळी चालायला निघाले. भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या रस्त्याने, खाडीच्या बाजूला. तिथे मोठाले कॅमेरे घेऊन लोक पक्षी बघायला येतात. धोंडूकाकांना पक्ष्यांचं काही नाही, ते कॅमेरेवाल्यांशी गप्पा मारायचे. निलेश बांधावर बसून राहायचा. एकदा घरी येऊन तो सपनाला म्हणाला, "आज मी पंधरा मिनिटं काहीच विचार केला नाही. नुसता एक बगळा बघत होतो." सपनाने ते कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहून ठेवलं: 'बगळा'. ते कॅलेंडर मी पाहिलंय. पुढे आणखी नोंदी आहेत: 'सलग सहा तास झोप', 'प्रांजलवर कारण नसताना चिडला, मग सॉरी म्हणाला', 'आमटीत मीठ कमी आहे हे ओळखलं'. ही शेवटची नोंद वाचून मला किती आनंद झाला, ते सांगता येत नाही.

मेच्या सुरुवातीला तो कामावर परतला. सुरुवातीला महिनाभर एकट्याने काम नाही, अण्णा किंवा दुसरा कुणी सोबत. त्याच्या भागात आणखी एक माणूस नेमला गेला. माझ्या पत्रामुळे की अण्णा कंपनीशी भांडल्यामुळे, माहीत नाही, अण्णांमुळेच असणार. आठवड्याच्या सुट्टीला त्याचा कामाचा फोन अण्णांकडे जातो. काही दिवस अजून जड जातात. पण आता त्याला ओळखता येतं. मेसेज दुसऱ्यांदा वाचावा लागला, की तो काम थांबवतो आणि सांगतो, "अण्णा, आज जोडीने करायचं काम द्या."

मीही बदललो, थोडासा. आता लिफ्ट बंद पडली की मी एकदाच फोन करतो आणि आधी विचारतो, "निलेश, जेवलास का?" आमच्या कमिटीतले लोक हसतात. हसू देत.

यंदा गणपतीला निलेश पूर्ण सात दिवस गावी राहिला. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच. परतल्यावर आमच्याकडे आला तो थेट वसुधाताईंच्या दारात, हातात घरच्या कोकमांची पिशवी घेऊन. मी तिथेच होतो. तो त्यांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला खांद्याला धरून वर उठवलं.

"काकू, तुम्ही त्या दिवशी विचारलं नसतं तर..."

"मला त्या वेळी कोणी विचारलं नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "ते फार लागलं होतं मला. बस आता, चहा टाकते. आणि गावाला पाऊस कसा होता, ते सांग."

तो बसला. दोन कप चहा प्यायला, गावच्या भजनाच्या गमती सांगितल्या, आईच्या हातचं माशांचं तिखलं आता सपनाला कसं जमायला लागलंय, ते सांगितलं. मग घड्याळ न बघता आणखी थोडा वेळ बसला.