सोयाबीनच्या वड्यांवर खेकडे

पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी माझा मेहुणा मला धरणावर घेऊन गेला. तिला खेकड्यांचा रस्सा फार आवडे. दवाखान्यात असताना तिने आपल्या या भावाकडे तो मागितला होता आणि ‘रविवारी स्वतः धरून आणतो’ असं त्याने तिला सांगितलं होतं. तो रविवार तिला मिळाला नाही. आता निदान तिच्या पानावर तरी रस्सा पडलाच पाहिजे, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

“चिखलीच्या बाजारात मिळतात की,” मी म्हणालो.

“इकतचे नाही चालत, भाऊजी. मी धरून आणतो म्हणलं होतं.”

ती असताना हा काटेकोरपणा त्याने फारसा वापरला नव्हता, त्यामुळे तो अगदी नवाकोरा होता.

पत्र्याची नाव होती. तिचा मालक लग्नाला गेला होता आणि जाताना नाव आमच्यावर सोपवून गेला होता. आमच्या घराण्यांचा पाण्याशी संबंध विहीर आणि स्प्रिंकलर एवढाच. मेहुण्याने मात्र मोबाइलवर कोकणातल्या खाडीत खेकडे धरणाऱ्या एका माणसाचे व्हिडिओ बघून अभ्यास केला होता. त्या माणसाच्या टोपीसारखी टोपीही विकत घेतली होती. साम्य तेवढंच. वल्हं त्याने तिफण धरावी तसं धरलं आणि नावेला बैलासारखं दटावलं. नाव गोल फिरली.

“तुमी हालून राह्यले भाऊजी, म्हणून ते गिरकी घेऊन राह्यली.”

“मी हललोच नाही.”

“तेच तं! थोडं हाला ना मंग.”

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या शिवारातले दगडी बांध वर डोकावतात. खेकडे त्यांच्या फटींत असतात. दोरीला आमिष बांधून ते बांधालगत सोडायचं, खेकड्याने पकडलं की हळूच वर घ्यायचं आणि खालून टोपली धरायची. यात न जमण्यासारखं काही नाही. पण मेहुण्याची बायको माळकरी. तिच्या घरात मांसाचा तुकडा येत नाही. म्हणून त्याने आमिषाला सोयाबीनच्या वड्या भिजवून आणल्या होत्या, तिखटमीठ लावून.

“मटनासारख्याच लागतात, भाऊजी. यायले काय समजते?”

त्यांना समजत होतं. खेकडे येत, वडी धरत, पाण्याच्या वरच्या थरापर्यंत येत आणि सोडून देत. एक थोराड खेकडा नावेच्या काठाशी आला, नांगी उघडून क्षणभर थांबला आणि परत गेला. खेकड्याच्या चेहऱ्यावर भाव नसतात म्हणतात. मला दिसले.

दुपार झाली. मेहुण्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “हे बी नाही झालं तं तिले काय तोंड दाखवू?” तो पाण्याकडे बघत म्हणाला.

मी हाताला चाळा म्हणून नावेत पडलेला गळ सोडून बसलो होतो. त्याला वडीच लावली होती. तिला एक बोटभर मासोळी लागली. माशांना बहुधा चवीची पारख नसावी, वडीला मटण म्हटलं तरी विश्वास ठेवतात. ती मासोळी आम्ही दोरीला बांधली आणि मग मात्र खेकडे चिकटून वर येऊ लागले. रश्श्यापुरते झाले. त्यांतला एक मेहुण्याच्या पँटीवर चढला, मेहुणा उठला आणि नावेने त्याला सरळ पाण्यात घातलं. छातीभर पाण्यात उभा राहून त्याने टोपली डोक्यावर धरली. काठापर्यंत तो तसाच चालत आला.

“माह्या चुलीले लावू नका ते!” त्याच्या बायकोने दारातच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागे तीन दगड मांडले. ती नाकाला पदर लावून, तोंड फिरवून जवळच उभी राहिली.

“बारके पाय कुटा. कुटा ना नीट! गाळून घ्या. ज्वारीचं पीठ भाजलं का? अन् मीठ कमी आहे.”

“तुले काय मालूम?”

“वास येऊन राह्यला ना.”

माळेने नाकावर बंदी घातलेली नाही.

त्यांच्याच गच्चीवर तिचं पान ठेवलं. कावळा आला, भजं उचललं, वडा उचलला, रश्श्याला चोच लावली नाही. तोही बहुतेक माळकरी होता. मेहुण्याचा चेहरा पडला. त्याने सगळ्यांत मोठ्या नांग्या अख्ख्याच पानावर मांडल्या होत्या, दिसायला छान.

“नांग्या फोडून ठेव,” मी म्हणालो. “तिच्याने फुटत नसत.”

“मंग कोन फोडे?”

“मी.”

त्याने तांब्या माझ्याकडे सरकवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत ओढून घेतला. “राहू द्या. आज मी फोडतो.”

तो खाली बसला. तांब्याच्या बुडाने एकेक नांगी ठेचून त्यातला पांढरा गर काढू लागला. गराला चिकटलेल्या कवचाच्या कपच्या नखाने निवडत राहिला, तिला दाताखाली येऊ नयेत म्हणून. कठड्यावर कावळा ओरडत होता. त्याच्याकडे आम्ही कोणी पाहिलं नाही.