चौदा नंबर कुठून सुरू होतो?

अमरावतीच्या कोर्टात वकिलांची जी खोली होती, तिथे किस्से कसे साचायचे ते आधी सांगतो. पक्षकार यायचा उशिरा. साक्षीदार त्याच्याही मागून. मॅजिस्ट्रेट साहेब कधी दौऱ्यावर, कधी नुसतेच जेवायला. तोवर आम्ही सगळे काळे कोट एका टेबलाभोवती बसून एकमेकांचं डोकं खायचो. खून, वाटण्या, दत्तकं यांचे किस्से सगळ्याच कोर्टांत असतात. आमच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एक नवंच पीक आलं, ते रस्त्यांच्या नंबरांचं. ती भानगड मला तेव्हा कळली नाही, आणि आता कळली असं म्हटलं तर खोटं होईल.

मी तेव्हा अण्णासाहेबांचा ज्युनिअर. अण्णासाहेब म्हणजे फौजदारीतलं मोठं प्रस्थ. कायदा तोंडपाठ, आवाज खणखणीत आणि झोप हुकमी. बसल्या जागी डोळे मिटले की संपलं.

*

तोवर आमच्या रस्त्यांना नावं होती. अमरावतीहून मोर्शीला जातो तो मोर्शीचा रस्ता. मोर्शीचे लोक त्यालाच अमरावतीचा रस्ता म्हणायचे, आणि त्यामुळे आजवर कोणी हरवलं नव्हतं. मग बांधकाम खात्याच्या मनात आलं की रस्त्यांना नंबर द्यावेत. मैलांच्या दगडांवर काळे आकडे उमटले. नागपूरकडे जाणारा एक, अकोल्याकडे जाणारा दोन, परतवाड्याचा तीन. त्यापुढे मोर्शीचा एकदम चौदा.

खात्याचे एक ओव्हरसियर साक्षीसाठी आमच्या खोलीत येऊन बसले होते. अण्णासाहेबांनी त्यांना गाठलं.

"चार ते तेरा कुठे गेले हो?"

"गेले नाहीत, यायचे आहेत. ते रस्ते अजून व्हायचे आहेत."

"कधी होणार?"

"रस्त्यांचं काही सांगता येत नाही. नंबर मात्र पक्के आहेत."

अण्णासाहेबांनी डोळे मिटून घेतले. ते झोपले की विचार करत होते, हे त्यांच्याकडे बघून कधीच कळत नसे.

*

प्रत्येक जिल्ह्याने आपापले रस्ते एकपासून मोजले होते, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. ती अण्णासाहेबांना कळली ती अशी.

अकोल्याला त्यांची एक केस होती. मोटार होती, पण ड्रायव्हर तुळशीराम नवा. त्याने अकोला कधी पाहिलेलं नव्हतं. अण्णासाहेब मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "दगडावर दोन नंबर बघत चल. दोन सोडू नकोस." एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले.

बडनेरा गेलं, तोवर सगळं ठीक होतं. पुढे जिल्हा बदलला आणि दगडावरच्या दोनाचा नऊ झाला. तुळशीरामला घाम फुटला. मालकांना उठवायची छाती नव्हती. तो तसाच नवावरून चालत राहिला, पण जीव दोनात अडकलेला. अकोल्याच्या नाक्यावर त्याने एकाला विचारलं, "भाऊ, दोन नंबर कोनीकडं?" त्या भल्या माणसाने अगदी बरोबर रस्ता दाखवला.

एका खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा अण्णासाहेब जागे झाले.

"काय रे, अकोला आलं का?"

"अकोला मघाच गेलं जी. पन आता काई काळजी नाई. दोन नंबर सापडला."

गाडी बार्शीटाकळीच्या वेशीत उभी होती.

*

यानंतर अण्णासाहेबांनी नंबरांवर राग धरला. पण राग धरून भागत नव्हतं, कारण आता कोर्टातही नंबर विचारायला लागले होते.

मोर्शीकडच्या एका शेतकऱ्याची बैलगाडी आणि एका शेठजींची मोटार यांची टक्कर झाली होती. शेतकरी साक्षीला उभा. सरकारी बाजूला डबीर नावाचे प्रॉसिक्यूटर होते. माणूस वाईट नव्हता, पण नवा कायदा निघाला की नवी टोपी मिळाल्यासारखा खूश व्हायचा.

डबीरांनी विचारलं, "टक्कर कोणत्या नंबरच्या रस्त्यावर झाली?"

"ते मले नाई सांगता येनार साहेब."

"का? दगडावर एवढा मोठा आकडा लिहिलाय."

"आकडा दगडाच्या त्या अंगाले हाये. जानाऱ्याले दिसते. मी येऊन राहिलो होतो."

डबीरांना पटेना. दुपारी त्यांनी शिपायाला सायकलवर पाठवलं. शिपाई संध्याकाळी सांगत आला की खरंच आहे, रंगाऱ्याने अमरावतीकडून जाताना दिसेल त्याच बाजूला आकडे काढलेत. परत येणाऱ्यासाठी रस्ता बिननंबरी.

*

आता शेषरावांची गोष्ट. वरचे किस्से हसण्यावारी गेले, पण हा माणूस मात्र खरोखरच अडचणीत सापडला होता.

शेषराव रिद्धपूरजवळच्या एका खेड्यातले. पन्नाशी उलटलेली. भावाशी झालेल्या वाटणीत आलेलं वावर विकून त्यांनी एक जुनी लॉरी घेतली, तिच्यावर पत्र्याचं छप्पर आणि लाकडी बाकं बसवली, आणि अमरावती ते रिद्धपूर सर्व्हिस सुरू केली. महानुभावांचे यात्रेकरू, बाजाराची माणसं, कधी एखादी बकरी. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा गाडीच्या मागे कोळशाची भट्टी लावली. तिच्या धुरावर इंजिन चालायचं, म्हणजे मनात आलं तर चालायचं.

एक दिवस ते समन्स घेऊन आमच्या खोलीत आले. नव्या सब-इन्स्पेक्टरने त्यांना नांदगाव पेठेच्या अलीकडे अडवलं होतं. आरोप असा, की विनापरवाना रस्त्यावर गाडी चालवली.

अण्णासाहेबांनी परवाना वाचला. त्यावर गावाचं नावच नव्हतं. लिहिलं होतं, 'रस्ता नंबर चौदा, आरंभापासून रिद्धपूरपर्यंत.'

"मग बरोबर आहे की," मी म्हणालो.

"ओव्हरसियरला बोलाव," अण्णासाहेब म्हणाले.

ओव्हरसियर आले आणि नकाशा उलगडून बसले. तेव्हा उलगडा झाला. अमरावतीहून नांदगाव पेठेपर्यंत नागपूरचा आणि रिद्धपूरवरून मोर्शीला जाणारा रस्ता एकच. पेठेला फाटा फुटतो. खात्याच्या हिशेबाने पेठेपर्यंतचा सगळा रस्ता एक नंबरचा, आणि चौदा नंबर जन्माला येतो तो फाट्यावर. म्हणजे शेषरावांना फाट्यापासून रिद्धपूरपर्यंत गाडी चालवायचा परवाना होता. अमरावतीपासून फाट्यापर्यंत नव्हता.

शेषरावांनी नकाशावरच्या फाट्यावर बोट ठेवलं. "म्हणजे वकीलसाहेब, गाडी फाट्यावर आभायातून उतरवू काय?"

कोणी हसलं नाही. आता फक्त दंड झाला असता, पण दुसऱ्यांदा गुन्हा शाबीत झाला तर परवाना रद्द होणार होता. वावर तर आधीच गेलं होतं. मला त्या माणसाची फार दया आली.

*

मी शेषरावांना घेऊन बांधकाम खात्यात गेलो. तिथल्या हेडक्लार्कना म्हणालो, चौदा नंबर अमरावतीपासून सुरू करा, म्हणजे मिटलं.

"एका रस्त्याला दोन नंबर दिले तर खडी कोणत्या नंबरात टाकायची?" त्यांनी विचारलं.

तिथून परवान्याच्या ऑफिसात गेलो. परवान्यावर अमरावती लिहा म्हटलं. तिथले साहेब म्हणाले, "आम्ही गावं लिहीत नाही, नंबर लिहितो. यांना एक नंबरचाही परवाना घ्यायला सांगा."

"द्या मंग," शेषराव म्हणाले.

"पण तो तुकड्यातुकड्याने मिळत नाही. एक नंबर घेतला की गाडी नागपूरपर्यंत न्यावी लागेल."

शेषराव माझ्याकडे वळले. "म्हणजे पेठेले जाच्यासाठी रोज नागपूर पाहून या लागन?"

साहेबांनी यावर थोडा विचार केला आणि म्हणाले, "नियम तसाच आहे."

*

खटला सुरू होईपर्यंत शेषरावांनी ठरवलं की नियमाने वागायचं. गाडी फाट्यावरच्या लिंबाखाली उभी राहू लागली. अमरावतीचे उतारू टांग्याने पेठेपर्यंत जायचे. पण एकदा गाडीच्या स्प्रिंगची कमान तुटली, आणि मिस्त्री तर अमरावतीत. अण्णासाहेबांना न विचारता शेषरावांनी स्वतःच डोकं लढवलं. इंजिन बंद केलं, चुलतभावाची बैलजोडी आणली, गाडीला जुंपली आणि निघाले अमरावतीला.

वाटेत नेमके तेच सब-इन्स्पेक्टर भेटले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. बैलांकडे बघितलं. मग पुन्हा एक फेरी मारली.

"ही मोटार तू एक नंबरवर चालवतोयस."

"मोटार बंद हाये जी. भट्टीले हात लावून पाहा, गार हाये. बैल चालून राहिले."

"म्हणजे ही बैलगाडी आहे असं तुझं म्हणणं?"

"तुमी म्हनान तसं."

सब-इन्स्पेक्टरांनी वही काढली. "मग बैलगाडीचा बिल्ला कुठाय?"

*

खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेट साहेब जबलपूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. मराठी समजायचं, बोलायचे हिंदी. डबीरांनी एक नकाशा दाखवला, अण्णासाहेबांनी दुसरा. दोन्ही खात्याचेच, आणि दोन्हींत चौदा नंबर वेगळ्या ठिकाणी सुरू होत होता. साहेबांनी दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिले, उलटे करून पाहिले, आणि शेवटी म्हणाले, "जगह पर चलकर देखेंगे."

पण जायचं कसं? पेट्रोलची कुपनं संपलेली, अण्णासाहेबांची मोटार घरी झाकून ठेवलेली. डबीर म्हणाले, "गाडीची व्यवस्था सरकार करेल," आणि त्यांनी शिपायाला मोटार स्टँडवर पाठवलं. शिपायाने साहेबांचं नाव सांगून हाती लागली ती गाडी आणली. बाहेर येऊन पाहतो तर कमान दुरुस्त करून स्टँडवर उभी असलेली शेषरावांचीच गाडी, आणि स्टीअरिंगवर, कोर्टातून आधीच उठून गाडीपाशी गेलेले शेषराव.

डबीरांचा चेहरा पडला. अण्णासाहेबांनी माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की मी काही बोललोच नाही. मॅजिस्ट्रेट साहेब, त्यांचे कारकून म्हणजे रीडर, डबीर, ओव्हरसियर, अण्णासाहेब आणि मी, सगळे त्या लाकडी बाकांवर बसलो, आणि एक नंबरवरून निघालो.

वैशाखातली दुपार होती. फाट्यावर उतरलो. ओव्हरसियरांनी दगड दाखवला. साहेब दगडाजवळ गेले, मागे आले, पुन्हा गेले.

"मैं इस वक्त किस नंबर पर खडा हूँ?"

"साहेब, उजवा पाय चौदावर आहे," ओव्हरसियर म्हणाले. "डाव्याचं नकाशा बघून सांगावं लागेल."

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. सगळे बसले. गाडी काही हलेना. शेषराव दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होते.

"अरे, चल की," डबीर म्हणाले.

"कोनीकडं जी?"

"कोनीकडं म्हणजे? अमरावतीला."

"तिकडचा मले परवाना नाई."

"मग येताना कसा आलास?"

"येतानी सरकारनं बलावलं, मी आलो. जान्याचं कोनी बोललं नाई. खटला चालू हाये साहेब. आता आनखी गुन्हा केला तं परवाना जाते. मी बुडतो." हा माणूस थट्टा करत नव्हता, खरोखरच घाबरला होता. मग डबीरांचा राग बघून ते घाईने म्हणाले, "रिद्धपूरले चलता काय? तिकडचा हाये."

फाट्यावर ना टांगा, ना बैलांची दमणी. डांबर पायाला चिकटत होतं. डबीरांनी खिडकीतून अमरावतीकडे जाणारा रस्ता लांबवर पाहिला आणि मग स्वतःच्या नव्या बुटांकडे पाहिलं.

साहेबांनी हळूच विचारलं, "डबीरजी, सरकार को कोई एतराज?"

"नाही साहेब. अमरावती ते पेठ गाडी चालवायला सरकारची काही हरकत नाही."

"रीडर, लिख लो."

रीडरने गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला घेतलं. शेषराव पहिल्यांदाच मागे वळले. "आजच्यापुरतं का रोजचं, तेही लिवा जी."

साहेबांनी डबीरांकडे पाहिलं. डबीरांनी पुन्हा एकदा रस्त्याकडे पाहिलं.

"रोजचं," ते म्हणाले.

साहेबांनी खाली सही केली. शेषरावांनी डोळे पुसले, खाली उतरून भट्टीत कोळसे टाकले, पंखा फिरवला. इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं. शेषराव खिडकीशी आले आणि हात जोडून म्हणाले, "डबीरसाहेब, थोडा धक्का मारा लागन."