हेल्मेटवरचं कुंकू

खंडेनवमीला बायको लॅपटॉपला कुंकू लावायला आली, की मी अजूनही ओरडतो, “पाणी नको!”

दोन हजार एक साली, आमचं राज्य नवीन होतं तेव्हा, बुढापारा मोहल्ल्यातल्या घरी मी डोक्यावर घालायचा संगणक बनवला होता. हेल्मेटला जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा चिमुकला पडदा, कमरेला बाकीचं यंत्र. खर्च नऊ हजार. बाबा त्याला माकडटोपी म्हणायचे. त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी त्यांना दाखवायचं म्हणून चालू करून आंघोळीला गेलो. परतलो, तर पडद्यावर ओलं कुंकू आणि यंत्रातून धूर.

“काहून पाणी शिंपडलं, बाबा?”

“पोट्ट्या, तुझं हत्यारच ना हे? पूजा नको?”

बाबा आता नाहीत. बायको म्हणते, तो मानच होता. असेल. मला पूजा नको होती. त्यांनी एकदा ते हेल्मेट डोक्यावर घालायला हवं होतं.