जखमेवरचा बोळा

वाघाने मारलेल्या माणसाच्या जखमेतून लाळेचा नमुना कसा घ्यायचा, हे मला दोन दिवसांत शिकवलं होतं. लाळेतल्या डीएनएवरून वाघ की वाघीण, आणि नेमका कोणता, ते कळतं. वनखात्यात मी कंत्राटावर होते, बीएस्सी झालेली, जरा शिष्टच. पहिलाच नमुना सख्ख्या मावशीच्या नवऱ्याचा घ्यावा लागेल, असं कुणाच्या ध्यानीमनी होतं?

मावसाजी भरदुपारी कापूस वेचताना गेले, झरीकडच्या वावरात. मी पोचले तेव्हा त्यांच्या मानेवर कापसाचा बोळा दाबलेला होता. आमच्याकडे वावरात विळा लागला की बाया कमरेच्या ओटीतला, नुकता वेचलेलाच कापूस काढून जखमेवर दाबतात. मावशीनेही तेच केलं होतं. मला वाटलं, ही घाण आहे, याने नमुना बिघडेल. मी बोळा बाजूला काढला, शिकवल्याप्रमाणे काडीने जखम पुसली, कुपी बंद केली. पंचनामा झाल्यावर बायांनी तो बोळा कपड्यांसोबत जाळला. मला तर बरंच वाटलं.

महिन्याभराने अहवाल आला. त्यात फक्त माणसाचं रक्त, जनावराचं काहीच नाही. मी प्रयोगशाळेत फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "जखमेवर आधी काही दाबलं होतं का? लाळ त्यातच गेली असणार. तेच पाठवायला हवं होतं."

चूक माझी, की ओटीतला कापूस ज्यांना ठाऊकच नव्हता त्या शिकवणाऱ्यांची? मला अजून ठरवता येत नाही.

तोवर खात्याने पायांच्या ठशांवरून एक वाघीण पकडून नेली होती. तिचं रक्त तपासलं, पण जुळवणार कशाशी? त्याच जंगलात एक नरही फिरायचा. सकाळी वाटे तीच, संध्याकाळी वाटे तो. डोक्याचा पार भुगा झाला.

त्या वर्षी बोंडअळीने अर्धी बोंडं सडवली होती. उरलेला कापूस झाडावरून गळत होता आणि बाया वावरात पाय ठेवायला तयार नव्हत्या. शेवटी मावशी माझ्याकडे आली.

"पकडली ते वाघीण हेच होय का व, पोरी? तुमच्या तपासणीत काय निंगालं?"

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"सांग ना व. तू म्हणशील त उद्यापासून वेचाले जातो मी."

नमुना वाया गेला, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मग तिने विचारलं असतं, काहून? मग बोळ्याचं सांगावं लागलं असतं. मला लाज वाटली, भीतीही वाटली.

"हो मावशी," मी म्हणाले, "तेच होती."

दुसऱ्या दिवशी ती ओटी बांधून निघाली. तिच्या भरवशावर आणखी चौघी निघाल्या. मी रजा टाकून सोबत गेले आणि हातात काठी घेऊन, तुरीच्या ओळींकडे तोंड करून बांधावर बसले. तूर जरा हलली की उठून उभी राहायचे.

मावशी वेचता वेचता हसली. "अशी काहून करून राह्यली व? पकडली ना तिले!"