हळदीतले चेहरे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी खाडीकडच्या गावातली एक बाई पेणला माझ्या फोटो स्टुडिओत आली होती. मिठागरावर काम करणारा तिचा नवरा नुकताच गेला होता. आधार कार्डावरचा पुसट चेहरा सोडला तर घरात त्याचा फोटो नव्हता. रोह्यातल्या एका लग्नात मी काढलेल्या फोटोंत तो कुठेतरी असणार, एवढीच तिची आशा. हजारो फोटो चाळायचा मला कंटाळा आला. "डिस्क जळली," म्हणून मोकळा झालो. डिस्क कपाटात होती.

यंदा ती मुलीला घेऊन आली. मुलीचं लग्न ठरलेलं, पहिली पत्रिका बापाच्या फोटोपुढे ठेवायची होती. "आधार कार्डावरचाच मोठा करून दे," म्हणाली. केला. बघून म्हणते, "ह्या माणसाला मी वळखत नाय, दादा."

मग राहवलं नाही. "जळलेल्या डिस्कमधलं थोडं वाचलंय," असं आणखी एक खोटं बोलून कपाटातली डिस्क कॉम्प्युटरला लावली. चेहरे शोधणारं सॉफ्टवेअर नवीनच घेतलं होतं. त्याला आधारचा फोटो दाखवला आणि पडद्यावर ओळीनं माणसं आली.

"हा बँडवाला. हा माझा दीर, जिता हाय अजून."

तिनं 'नाय' म्हटलं की मी तसं कॉम्प्युटरला सांगायचो, तो नवी माणसं आणायचा. मुलगी खुर्ची ओढून पुढे सरकली.

मग हळदीचे फोटो आले. चेहरे पिवळे, त्यामुळे कॉम्प्युटरनं सगळ्यांना मिळून एकच माणूस ठरवलं होतं. तो गठ्ठा मी बाजूला टाकणार, एवढ्यात ती म्हणाली, "थांब. त्यो मागचा."

"कशावरून गो आये? तोंड तरी दिसतंय काय?" मुलगी.

"कोपर धरून हुबं हायत बघ. कामाबिगर हात कुठं ठेवायचं, त्यांना कंदी समजलं नाय."

मी त्या पिवळ्या चेहऱ्यावर 'हो' केलं. कॉम्प्युटरनं तेवढ्यावरून आणखी चार काढले. चौथ्यात तो पंगतीत बसला होता, तोंड धुतलेलं, कशावर तरी हसत. मुलगी उठूनच उभी राहिली. बाई पडद्याला हात लावून म्हणाली, "व्हय. हेच."

मोठा फोटो करून दिला. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरलो.

डिस्क जळलीच नव्हती, हे सांगायचं तिचं देणं अजून माझ्यावर आहे.