आप्पांनी घेतलेली कबुली

आमचे चुलते नागोजी आप्पा खानापूर तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावचे पोलीस पाटील. लाच घ्यायची नाही, कुणावर हात उचलायचा नाही आणि आपलं चुकलं असं जन्मात म्हणायचं नाही, असा माणूस. पाटीलकीचा पितळी बिल्ला ते चिंचेनं घासायचे. काकी म्हणायची, देव्हाऱ्यातल्या देवांनासुद्धा एवढी चिंच मिळत नाही.

१९३४ च्या उन्हाळ्यात शामूच्या खळ्यावरची गवताची गंजी पेटली. शेजारी बांधलेले दोन बैल होरपळून मेले. आठवड्यापूर्वीच शेजारच्या शेतातल्या केदारीचं शामूशी बांधावरून भांडण झालं होतं, तेव्हा सगळ्यांचा संशय केदारीवर. आप्पांनी त्याला देवळात नेलं आणि तळहातावर भंडारा ठेवला. भंडारा हातात घेऊन आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही.

"गंजी तूच पेटवलीस न्हवं रं?"

केदारीनं भोवती जमलेल्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हय, आप्पा."

आप्पांनी कागद लिहिला, त्यावर केदारीचा अंगठा घेतला. खटला उभा राहीपर्यंत केदारी बेळगावला तुरुंगात गेला. सात वर्षं सुटत नाही, असं वकील म्हणाला. त्याच्या आईला, चंपाबाईला, दुसरं कुणी नव्हतं. तिनं एकटीनंच पेरणी उरकली.

सेशन कोर्टात आप्पांच्या सोबतीला मी होतो. जज्जसाहेबांनी विचारलं, "तुम्ही पोलीस पाटील ना?"

"व्हय, बावीस वर्सं." आप्पांचा हात बिल्ल्यावर गेला.

"मग हा कागद पुराव्यात घेता येणार नाही. पोलिसापुढं दिलेली कबुली चालत नाही."

"साहेब, म्या त्येला बोटबी लावलं न्हाय."

"लावलं असं मी म्हणतच नाही. कायदा ते विचारत नाही. तुमच्यापुढं दिली, एवढ्यानंच ती बाद."

दुसरा पुरावा नव्हता. केदारी सुटला. मला तर मान वर करवेना. आगगाडीत आप्पा एकच वाक्य बोलले, "देवापरीस कायदा मोठा झाला."

कोर्टानं सोडलं तरी गावानं केदारीला सोडलं नाही. त्या साली भाताच्या लावणी-कापणीला त्याच्या शेतात मदतीला कुणी पाऊल टाकलं नाही. आम्हीही गेलो नाही, हे सांगताना आज लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात शामूची नवी गंजी धुमसायला लागली. माणसं धावली, पाणी मारलं. गवताच्या बुडाशी चुलीतली गरम राख निघाली. शामूची म्हातारी आई, नागुबाई, सहज म्हणाली, "राख मी हितंच टाकत्ये. गेल्या साली बी हितंच टाकत हुते."

सगळे आप्पांकडे बघायला लागले.

आप्पा तडक केदारीच्या घरी गेले. केदारीनं उठून घोंगडं अंथरलं. आप्पा उभ्याउभ्याच म्हणाले, "भंडारा हातात घिऊन खोटं का बोललास रं?"

"आप्पा, 'तूच पेटवलीस न्हवं,' असं तुमी इचारलंसा. देवाच्या दारात, चारचौघांत, तुमाला खोटं पाडू व्हय?"

आप्पा खाली बसले. चंपाबाईनं तांब्या पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"माजं चुकलं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर बारा वर्षं आप्पांनी पाटीलकी केली. गुन्हा कसलाही असो, ते "काय झालं?" एवढंच विचारायचे आणि गप्प बसायचे. गप्प बसणं त्यांना शेवटपर्यंत जड गेलं.