पाचव्या तासाची चूक

ताई भावाच्या दुकानात आली ती जुन्या कॉम्प्युटरांवरची धूळ झटकायला. शिक्षण दहावी, वय चाळिशीला टेकलेलं. पण बाईला खोड अशी, की जे पुसायचं त्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय सोडायचं नाही. त्यासाठी तिने गळ्यात भिंग अडकवलं. वाचता वाचता, विचारता विचारता दहा वर्षांत मागच्या खोलीतलं सगळं दुरुस्तीकाम तिच्याकडे आलं, आणि गल्ली तिला भिंगवाली ताई म्हणू लागली.

एका शनिवारी सकाळी पुलांचे आराखडे करणाऱ्या एक इंजिनीअर बाई आपला कॉम्प्युटर घेऊन आल्या. पुलाच्या एकेका गणिताला चार-चार तास लागायचे, म्हणून त्यांनी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून घेतला होता, म्हणजे त्याच्या नेमून दिलेल्या वेगाच्या पुढे पळवला होता. तेव्हापासून मशीन मध्येच मान टाकायचं.

"प्रोसेसर गेला का हो?"

ताईने झाकण उघडलं, भिंग लावलं. आत रॅमच्या, म्हणजे चालू कामातले आकडे हाताशी ठेवणाऱ्या, चार पट्ट्या. दोन आधी घेतलेल्या, दोन मागाहून, वेगळ्याच जातीच्या.

"प्रोसेसर ठणठणीत आहे. या चौघींचं आपसात जमत नाहीये."

भावाने लगेच कपाटातून एक चकचकीत खोका काढला. "ही जोडी बसव. वेगाचा आकडा सगळ्यात मोठा, वर रंगीत दिवे."

"झाकणाखाली दिवे कोण बघणार? आणि आकडा मोठा असला तरी ही हाकेला ओ द्यायला वेळ लावते."

तिने एकाच पाकिटातली साधी काळी जोडी निवडली. वेग थोडा कमी, पण प्रोसेसरने मागितलेलं चटकन हातात देणारी. जुन्या चारही काढून ती बसवली, वेग चढवला आणि रॅमची तपासणी लावली. भावाने बाईंना फोन करून टाकला, संध्याकाळी न्या म्हणून.

पाचव्या तासाला पडद्यावर एक लाल ओळ उमटली. एक चूक.

"पाच तासांत एक," भाऊ म्हणाला. "एवढं चालतं गं ताई. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"तेच तर वाईट. मशीन बंद पडलं तर माणूस सावध होतो. गुपचूप एक आकडा चुकला तर तो पुलात जाईल."

भावाने तोंड वाकडं करत पुन्हा फोन लावला, आता सोमवारी या म्हणून. ताईने वेग एक पायरी उतरवला आणि तपासणी पहिल्यापासून सुरू केली. रविवारी दुकान बंद. तरी ती दोनदा येऊन मशीन तापलंय का, ते हात लावून बघून गेली. सोमवारी सकाळपर्यंत लाल ओळ नव्हती.

बाईंनी दुकानातच आपलं गणित लावलं. तीन तास दहा मिनिटं. मशीनने हूं की चूं केलं नाही. तेवढ्या वेळात भावाने पाचव्या तासाची गोष्ट स्वतःहून सांगितली, आपण काय म्हणालो होतो त्यासकट. बाईंनी तपासणीचा निकाल कागदावर छापून मागितला आणि वाचला. मग तो कागद ताईपुढे सरकवला.

"सही करा. पुलाच्या फायलीत लावते."

ताईने पदराला हात पुसले आणि पूर्ण नावानिशी सही केली, एकही अक्षर न गाळता. खाली तारीख घातली. त्या दिवशी ती घरी जाताना ताठ मानेने चालत होती, आणि ते तिचं तिलाही कळत होतं.

आता कुणी रॅम मागायला आलं, की भाऊ कपाटाला हात लावत नाही. "आत आमची ताई आहे," म्हणतो, "काय काम करता ते आधी तिला सांगा."